‘थ्री नॉट थ्री’ची गोळी .३०३ इंचाची नसते

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीवर जो लेख आला, त्यात स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्या नेमबाजांविषयी एक चौकट होती. ‘गोळीचा व्यास नळीच्या बोअरशी जुळलाच पाहिजे’ हे त्या चौकटीतले पहिले वाक्य बरोबर आहे. त्यापुढचे वाक्य मात्र असे होते, की हा व्यास काडतुसाच्या नावातच दिलेला असल्याने तो वेगळा शोधावा लागत नाही. ज्याची उमेदीची सगळी वर्षे रायफली उघडण्यात, मोजण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, त्या माझ्यासारख्या आर्मररला हे वाक्य ओलांडून पुढे जाता आले नाही. पहिल्या वाक्याने सांगितलेली खबरदारी दुसऱ्या वाक्याने काढून घेतली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी शब्दांचा घोळ थोडा निस्तरतो. आपल्या बातम्यांत ‘गोळी’ हा शब्द अख्ख्या काडतुसासाठीही येतो आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या धातूच्या तुकड्यासाठीही येतो. काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जिथे कायद्याने परवाना मिळतो, तिथले नेमबाज उडालेली पुंगळी साफ करून डायमधून (पोलादी साच्यातून) पुन्हा मापात आणतात, नवी टोपी बसवतात, तोललेली दारू भरतात आणि वर नवी गोळी दाबतात. या चार घटकांपैकी नळीला आतून घासत जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे गोळी. पुंगळीची उंची किंवा दारूचे वजन चुकले तर काय होते याबद्दल सगळे सावध असतात, पण गोळीच्या व्यासाकडे मात्र डबीवरचा आकडा वाचून काणाडोळा होतो.

रायफलीच्या नळीला व्यास एक नसतो, दोन असतात. सगळा गोंधळ इथून सुरू होतो. नळी तयार करताना सळईला आधी आरपार गोल भोक पाडून ते गुळगुळीत करतात. मग त्या भोकाच्या भिंतीत पिळदार खाचा कोरतात. दोन खाचांच्या मध्ये मूळ भिंतीची जी पट्टी उरते तो कंगोरा. समोरासमोरच्या कंगोऱ्यांमधले अंतर मोजले तर मूळ भोकाचा व्यास मिळतो आणि काटेकोर अर्थाने बोअर म्हणतात तो यालाच. खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंत मोजले तर अंतर जास्त भरते, रायफलीत साधारण आठ ते दहा थाऊ जास्त. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या वाचकांना सांगायला नको. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो.) गोळीने कंगोऱ्यांमध्ये रुतून पीळ घ्यायचा असतो आणि त्याच वेळी खाचाही भरून मागचा वायू अडवायचा असतो. तेव्हा तिचा व्यास जुळवायचा तो खाचांमधल्या व्यासाशी, कंगोऱ्यांमधल्या व्यासाशी नव्हे. आपल्या चौकटीतला ‘बोअर’ हा शब्द या दोहोंपैकी नेमका कोणता, हे लेखकाने सांगितलेलेच नाही.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘थ्री नॉट थ्री’ घ्या. ब्रिटिशांनी हे काडतूस १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीबरोबर स्वीकारले. त्यातले ०.३०३ इंच हे माप कंगोऱ्यांमधले आहे, कारण खाचा पाडण्याआधीच्या भोकाचे माप नावात घालण्याची त्यांची रीत होती. खाचांमधला व्यास ०.३१३ इंचाच्या आसपास असतो आणि गोळी लागते ती ०.३११ ते ०.३१२ इंचाची. ०.३०३ इंचाची गोळी या नळीत घातली तर ती कंगोऱ्यांना जेमतेम टेकेल. उलट ‘.३०८ विंचेस्टर’मध्ये नावातला आकडा खाचांमधल्या व्यासाचा आहे, म्हणून तिथे ०.३०८ इंचाचीच गोळी जाते. हेच काडतूस थोड्या फरकाने सैन्यात ‘७.६२ गुणिले ५१’ म्हणून ओळखले जाते आणि तिथे ७.६२ मिलिमीटर हे पुन्हा कंगोऱ्यांमधले माप असते. अगदी जुळ्या भावंडांची नावेही दोन वेगळ्या पद्धतींनी ठेवली गेली.

रशियन ७.६२ तर आणखी निराळे. त्यांच्या जुन्या मोजमापात ‘रेषा’ म्हणजे इंचाचा दहावा भाग. १८९१ च्या मोसिन रायफलीला ते तीन रेषांची रायफल म्हणत, आणि तीन रेषा म्हणजे बरोबर ७.६२ मिलिमीटर. पण तिला आणि पुढच्या ‘७.६२ गुणिले ३९’ला जी गोळी लागते ती ०.३१० ते ०.३१२ इंचाची, ०.३०८ ची नव्हे. एकाच ‘७.६२’ आकड्याखाली दोन निरनिराळ्या जाडीच्या गोळ्या नांदतात.

नावावर विसंबणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत ‘.३०३ सॅव्हेज’ करते. हे अमेरिकन काडतूस. त्याच्या नावातला आकडा ब्रिटिश काडतुसाच्या नावातला तोच, पण आज त्याच्यासाठी जी गोळी वापरतात ती ०.३०८ इंचाची. म्हणजे ज्याच्या नावात ‘.३०३’ आहे अशी दोन काडतुसे समोर ठेवली, तर एकालाही ०.३०३ इंचाची गोळी लागत नाही आणि त्या दोघांची गोळी एकमेकांनाही चालत नाही. .२२० स्विफ्ट, .२२१ फायरबॉल, .२२२ आणि .२२३ रेमिंग्टन, .२२५ विंचेस्टर ही पाच नावे वाचून कुणालाही पाच वेगळे व्यास आहेत असे वाटेल, पण या पाचही काडतुसांची गोळी ०.२२४ इंचाचीच आहे. आकडे केवळ एका भावंडाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखू यावे म्हणून फिरवले गेले. ‘.२७०’ची गोळी ०.२७७, ‘.२८०’ची ०.२८४, ‘.२६०’ची ०.२६४. ‘.३८ स्पेशल’ रिव्हॉल्व्हरची तर ०.३५७. ते नाव ज्या काळातून आले त्या काळी गोळी पुंगळीइतकीच जाड असे, तिची फक्त मागची टाच बारीक करून पुंगळीत खोवलेली असे. पुढे गोळी पुंगळीच्या आत गेली, बारीक झाली, नाव मात्र जुनेच राहिले. आणि ‘बारा बोअर’मधला बारा हा तर इंच किंवा मिलिमीटर काहीच नाही. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची. 

व्यास कमी पडला तर काय होते, हे मी कागदावर पाहिलेले आहे. एक वयस्कर गृहस्थ त्यांची जुनी .३०३ रायफल माझ्याकडे घेऊन आले होते. तक्रार अशी, की शंभर यार्डांवर एकही गोळी दुसरीच्या शेजारी पडत नाही. नळी बदलावी लागेल का, हा त्यांचा प्रश्न. सोबत त्यांनी लक्ष्याचा कागद आणला होता. मी रायफलीआधी तो कागद उजेडाकडे धरला. दहापैकी चार भोके गोल नव्हतीच. ती लांबट होती, एका टोकाला निमुळती. आडव्या गोळीची सावली कात्रीने कापून घ्यावी तशी. गोळी हवेत कोलांट्या खात गेली होती आणि कागदावर टोकाने न आदळता कुशीवर आदळली होती. मी विचारले, गोळी कोणती भरता? त्यांनी डबी काढून दाखवली, ०.३०८ इंचाची. दुकानात तीच सहज मिळत होती आणि ‘तीनशे तीन, तीनशे आठ, पाचाच फरक, शिवाय जाडच आहे, बारीक नाही’ असा त्यांचा हिशेब होता. नावातल्या ३०३ शी तुलना केली की हा हिशेब चुकीचा वाटत नाही, हेच तर दुखणे आहे. खाचांमधल्या ०.३१३ शी तुलना केली की तीच गोळी पाच थाऊ बारीक ठरते. तिने कंगोरे धरले होते, पण खाचा रिकाम्या सोडल्या होत्या. साडेतीन हजार वातावरणांच्या आसपासचा दाब आणि वितळलेल्या लोखंडापेक्षाही उष्ण वायू, यांना त्या रिकाम्या जागेतून गोळीच्या कडेने पुढे पळायला वाट मिळते. तो वायू गोळीचे कवच खरवडतो, नळीचा घसा झिजवतो आणि गोळीला सरळ पीळ मिळू देत नाही. त्या गृहस्थांची नळी चांगली होती. ०.३१२ ची गोळी भरून त्यांनी आणलेल्या पुढच्या कागदावर सगळी भोके गोल होती. गट फार लहान नव्हता, पण रायफलीचे वय पाहता आणि (त्यांची क्षमा मागून) नेमबाजाचेही वय पाहता तो ठीक होता.

गोळी बारीक असली तर बहुधा नेम चुकतो. जाड असली तर गोष्ट रायफल आणि चेहरा यांच्यावर येऊ शकते. पण जाड गोळी नेमकी कशी घात करते याविषयीचा समज अर्धवट असतो. लोकांना वाटते, की धोका गोळी नळीत दाबली जाण्यात आहे. शिसे आणि तांब्याचे पातळ कवच नळीच्या पोलादापुढे मऊच असते. थोडीशी जाड गोळी आवळली जाते, लांब होते, दाब वाढतो, आणि दारू कमाल मर्यादेजवळ भरलेली असेल तर हा वाढीव दाब पुरेसा वाईट ठरतो. पण त्याआधीची अडचण पुंगळीच्या मानेत आहे. टोपी पेटली की पुंगळीची मान क्षणभर फुगते आणि गोळीवरची पकड सोडते. मानेला फुगायला नळीच्या कक्षात, म्हणजे काडतूस जिथे बसते त्या मागच्या पोकळीत, काही थाऊंची मोकळीक ठेवलेली असते. गोळी तीन थाऊ जाड घेतली की भरलेल्या काडतुसाची मानही तीन थाऊ जाड होते आणि ती मोकळीक तेवढी आटते. पूर्ण आटली तर मान फुगू शकत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब चढतच जातो. काडतूस कक्षात जाताना बोल्टला (काडतूस आत ढकलून कक्ष मागून बंद करणाऱ्या दांड्याला) नेहमीपेक्षा जास्त जोर लागला, तर हात तिथेच थांबवावा. तो जोर म्हणजे रायफलीने दिलेला इशारा असतो.

या बाबतीत ८ मिलिमीटर माऊझरचा इतिहास फार बोलका आहे. जर्मन सैन्याने १८८८ मध्ये जी रायफल घेतली तिच्या काडतुसात ०.३१८ इंचाची गोळी होती. पुढे १९०३ ते १९०५ या काळात टोकदार, हलकी, ०.३२३ इंचाची गोळी आणि तिच्यासाठी अधिक खोल खाचांच्या नळ्या आल्या. पुंगळी दोन्हींची जवळजवळ सारखीच, सत्तावन्न मिलिमीटर लांबीची. नावही बोलीभाषेत दोन्हींचे ‘आठ माऊझर’च. फरक दाखवायला नव्या काडतुसाच्या नावात फक्त एक ‘एस’ जोडले गेले, आणि नव्या काडतुसासाठी बदलून घेतलेल्या जुन्या रायफलींवरही तो ‘एस’ ठोकला गेला. बदल करताना कक्षाच्या मानेची जागा रुंद करावी लागली होती, हे वर सांगितलेल्या मोकळिकीच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या जुन्या रायफलीवर ते अक्षर नाही, तिला ‘आठ माऊझर’ ऐकून कुणी ०.३२३ ची गोळी भरली तर त्याला नावाने काहीही सावध केलेले नसते.

मग नळीचे खरे माप काढायचे कसे? शिशाचा ठसा घेऊन. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करावी, बोल्ट काढून बाजूला ठेवावा, नळी पुसून तेलाचा हलका हात फिरवावा आणि शुद्ध, मऊ शिशाचा नळीपेक्षा किंचित जाड तुकडा तोंडाकडून लाकडी हातोडीने आत ठोकावा. पुढे पितळी गजाने तो हळूहळू कक्षाकडे ढकलत न्यावा. ढकलताना हाताला बरेच कळते. कुठे तो जड जातो, कुठे एकदम सैल पडतो. सैल पडला ती जागा झिजलेली किंवा फुगलेली. बाहेर आलेल्या शिशाच्या तुकड्यावर नळीचा उलटा साचा उमटलेला असतो, म्हणजे खाचेच्या जागी उंचवटा आणि कंगोऱ्याच्या जागी खोलगट पट्टी. समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर म्हणजे आपल्याला हवा तो खाचांमधला व्यास. मोजायला मायक्रोमीटर वापरावा. व्हर्नियर कॅलिपरवर एका थाऊचा भरवसा मी ठेवत नाही, आणि इथे सगळा व्यवहार एकेका थाऊचाच आहे.

इथे माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. कामाला लागून मला वर्ष झाले नव्हते. मी एका .३०३ एनफील्ड रायफलीचा ठसा घेतला, साधा मायक्रोमीटर लावला आणि ऐटीत आकडा लिहिला, ०.३०८. आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी तो शिशाचा तुकडा माझ्या हातात देऊन उंचवटे मोजायला सांगितले. पाच निघाले. मग त्यांनी विचारले, ‘पाच असतील तर एकाच्या बरोबर समोर काय येईल?’ खाचांची संख्या विषम असली की एका उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा येतच नाही, खोलगट पट्टी येते. मी मोजला होता तो खाचांमधला व्यासही नव्हता आणि कंगोऱ्यांमधलाही नव्हता. ०.३१३ आणि ०.३०३ यांच्या अगदी मधोमधचा तो आकडा होता, आणि योगायोग असा, की तो ०.३०८ भरतो. त्या आकड्यावर विसंबून मी कुणाला ०.३०८ ची गोळी सुचवली असती, तर वरच्या गृहस्थांचे लांबट भोकांचे कागद माझ्याच सहीने निघाले असते. अशा नळ्यांसाठी ‘व्ही’ आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर मिळतो. त्यात तुकडा दोन उंचवट्यांवर टेकतो आणि तिसरा वरून मोजला जातो. ते साधन हाताशी नसेल, तर जाणत्याकडून मोजून घ्यावे. तुकडा फिरवत फिरवत सर्वांत मोठा आकडा शोधण्याची युक्ती पाच खाचांच्या नळीत उंचवट्यांच्या कडांवर अवलंबून राहते, आणि मऊ शिशाच्या कडा हाताळतानाच गोल होतात.

माप हातात आल्यावरही गोळी कशाची आहे यावर थोडा फरक पडतो. तांब्याचे कवच असलेली गोळी खाचांमधल्या व्यासाइतकी किंवा एखादा थाऊ कमी असली तरी चालते. उघड्या शिशाची ओतीव गोळी मात्र एक ते दोन थाऊ जाड लागते, कारण ती जराही सैल पडली की कडेने निसटणारा वायू तिला वितळवून ते शिसे नळीला लिंपून ठेवतो. ते काढायला बसलेल्या माणसाची दुपार जाते. तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुकांपुढे तर ही अडचण उलट्या बाजूने उभी होती. गोळी जाड केली तर ती आत ढकलता येईना, बारीक केली तर वायू निसटे. १८५३ च्या एनफील्डची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी ०.५६८ ची होती. मागून पोकळ ठेवलेली ती शिशाची गोळी दारूच्या धक्क्याने फुगून खाचा भरत असे, आणि मधली फट भरून काढायला तिच्याभोवती कागद असे व तो सहज आत सरकावा म्हणून त्याला चरबी लावलेली असे. १८५७ मध्ये त्या चरबीवरून काय घडले ते सर्वश्रुत आहे. ती चरबी तिथे का होती, याचे उत्तर मात्र गोळी आणि नळी यांच्या व्यासांतल्या त्या नऊ थाऊंमध्ये आहे.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच, की त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी. ‘हा व्यास काडतुसाच्या नावातच दिलेला असतो’ हे वाक्य काढून, ‘काडतुसाचे नाव हे माप नव्हे, आपल्या नळीचा खाचांमधला व्यास शिशाचा ठसा घेऊन मोजावा आणि गोळीचा व्यास तिच्या डबीवरून व मायक्रोमीटरने, अशा दोन्ही प्रकारे पडताळावा’ असे वाक्य तिथे यावे. चौकटीतल्या तक्त्यात ‘.३०३ ब्रिटिश’पुढे गोळीचा व्यास ०.३०३ छापला आहे, तो ०.३११ ते ०.३१२ असा करावा. ‘८ मिमी माऊझर’ची एकच ओळ आहे, तिच्या दोन ओळी कराव्यात, एक ०.३१८ ची आणि दुसरी ‘एस’ खुणेसह ०.३२३ ची. तक्त्याच्या मथळ्यात जिथे नुसते ‘बोअर’ आहे, तिथे ‘कंगोऱ्यांमधला व्यास’ आणि ‘खाचांमधला व्यास’ असे दोन रकाने केले, तर जागा थोडी जास्त लागेल. त्यासाठी शेजारचे रायफलीचे छायाचित्र लहान करावे लागले तरी माझी हरकत नाही. त्या छायाचित्रात बोल्ट उलटा बसवलेला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर